खूनवाले बाबू

आमच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आले की पहिल्या आठवड्यात एकदा तरी त्यांची घाबरगुंडी उडायची. डॉक्टर बहुतेक पुण्या-साताऱ्याकडचे, त्यांची मराठी पुस्तकातली. ओपीडीत खेड्यावरची एखादी म्हातारी यायची आणि हात जोडून विचारायची, "साहेब, ते खूनवाले बाबू कुठं भेटन?"

एका डॉक्टरांनी तर पोलीस चौकीला फोन लावायला घेतला होता. मी धावत जाऊन सांगितलं, "सर, खून म्हणजे रक्त. हिंदीतला खून. आमचे लॅबवाले बाबूजी." गोंदियात अर्धा बाजार हिंदीत चालतो, घरचं भांडणही कधी हिंदीत सुरू होऊन मराठीत संपतं, त्यामुळे आम्हाला यात काही वाटत नाही. पण बाहेरच्या माणसाला कसं कळणार?

बाबूजी आमच्या लॅबचे सगळ्यात जुने टेक्निशियन. नोकरी लागली तेव्हा ते मलेरियाच्या खात्यात होते. सायकलवर गावोगाव फिरायचं, तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, काचेवर थेंब घ्यायचा आणि पुढच्या गावाला जायचं. केशोरीपासून सालेकशापर्यंत असं गाव नसेल जिथल्या म्हाताऱ्यांच्या बोटाला त्यांनी सुई टोचली नाही. तेव्हापासून ते खूनवाले बाबू. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा त्यांच्या नोकरीची चार-पाच वर्षं उरली होती आणि लॅबमध्ये नवी मशीन आली होती. बाबूजी त्या मशीनकडे पाहत, पण तिच्याशी बोलत नसत. बाकी सगळ्या वस्तूंशी बोलत.

त्यांची एक खोड फार वाईट होती. कोणी नमस्कार केला, हात पुढे केला, की तो हात ते सोडत नसत. अंगठ्याचं नख दाबून पाहत, मग खालची पापणी ओढायला सांगत. "नऊ," म्हणत. म्हणजे हिमोग्लोबिन नऊ. एका बड्या पाहुण्यालाही, तो दवाखान्याचं उद्घाटन करायला आला असताना, हारतुरे चालू असतानाच त्यांनी "साडेदहा" सांगितलं होतं. पाहुणा रागावला. दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस गुपचूप त्याचं रक्त तपासायला घेऊन आला. साडेदहाच निघालं.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली म्हणायला हरकत नाही. मी कागदपत्रांची फाइल छातीशी धरून उभी, आणि हे विचारतात, "कार्ड?"

मी आधार कार्ड दिलं.

"हे नोको. रक्ताचं कार्ड. सिकलसेलचं."

माझी तपासणी झालेली नव्हती. त्यांनी खुर्चीत बसवलं, बोट टोचलं, नळीत थेंब टाकला आणि पाच मिनिटं गप्प बसले. मग नळी भिंतीवर चिकटवलेल्या एका लग्नपत्रिकेसमोर धरली. नळीतून 'शुभविवाह' नीट वाचता आलं. "पांढरं," ते म्हणाले. "चांगलं हाये. तुले कोनीबी चालते."

मला असा राग आला म्हणता. मी नोकरी मागायला आले होते, नवरा नाही.

ज्यांना हा आजार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सिकलसेल आईबापाकडून येतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की मोठा माणूस लहान लेकरासारखा रडतो. आमच्या भागात घरोघरी आहे. तपासणी केली की कार्ड मिळतं. पांढरं म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे तुम्ही धडधाकट, पण रक्तात अर्धा वाटा घेऊन फिरता. लाल म्हणजे आजार. पिवळ्याचं पिवळ्याशी लग्न झालं तर लेकरू लाल निघू शकतं. म्हणून बाबूजींचं एकच पालुपद होतं, "पिवळ्याले पिवळा नोको."

नळीतलं पाणी गढूळ झालं आणि पलीकडचं अक्षर दिसेनासं झालं की समजायचं, काहीतरी आहे. यासाठी काळ्या रेघांचा छापील कागद सरकारकडून येतो. बाबूजींना तो चालत नसे. लोक त्यांना आमंत्रणं देत, त्या पत्रिका ते खिडकीजवळच्या भिंतीवर चिकटवत आणि नळी तिथंच धरत. 'शुभविवाह', 'मंगल परिणय', खाली नवरा-नवरीची नावं. "रेघा दिसल्या नाई तं कोनाले काय वाटते?" ते म्हणत. "नाव दिसलं नाई तं वाटते."

खरं सांगायचं तर लग्नाची आमंत्रणं त्यांना पुढे पुढे कमी येऊ लागली. कारण मांडवात गेले की जेवायला बसण्याआधी ते मुलाच्या बापाला बाजूला घेऊन विचारत, "कार्ड जुळवलं का?" देवरीकडे एका मांडवातून नवऱ्याच्या मामानं त्यांना कॉलर धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी विचारलं, "कसं झालं लग्न?" बाबूजी स्लाइडवर नाव लिहीत म्हणाले, "जेवन चांगलं होतं म्हनतात."

आणि कार्ड या शब्दानं तर त्यांना जन्मभर छळलं. चोरखमाऱ्याकडच्या एका गावात आमचं शिबिर होतं. बाबूजींनी समाजमंदिरात उभं राहून मोठ्यानं विचारलं, "कोनाकोनाचं पिवळं कार्ड हाये, हात वर करा." निम्म्या गावानं हात वर केला. एक बाई मात्र ताडकन उठली. "आमच्या घरी ट्रॅक्टर हाये. आमचं केशरी हाये. कोनं सांगितलं तुमाले पिवळं म्हनून?" रेशनकार्ड समजले होते सगळे. पिवळं म्हणजे गरीबाचं, केशरी म्हणजे खाऊनपिऊन सुखी. बाबूजींनी तासभर समजावलं. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "ते सारं ठीक हाये बाबू, पन या नव्या कार्डावर तांदूळ किती भेटन?" त्यानंतर प्रत्येक भाषणाची सुरुवात ते अशी करत: "मी रेशन दुकानाचं नाई बोलून राहिलो." लोक तरीही थैल्या घेऊन येत.

लॅबमध्ये कामाचा जोर कमी असला की ते मला लुनावर मागे बसवून गाव दाखवायला नेत. गोंदिया मी काही पाहिलेलं नव्हतं. मी केशोरीची पोर, अर्जुनीच्या पलीकडे फार गेले नव्हते. त्यांच्या तोंडून गोंदिया ऐकावं तर ते दवाखान्यांनीच बनलेलं. पत्ताही तसाच सांगत, "जुन्या टीबी वार्डाच्या मांगं." टीबी वॉर्ड कधीचा पाडलेला. पहिल्या महिन्यात मी त्यांच्या पत्त्यांवर भरवसा ठेवून दोनदा चुकले.

"हे पाहाय," ते लुना थांबवून म्हणत, "इथं राइस मिल होती. कोंडा असा उडे का समोरचा मानूस दिसे नाई. आता पाहाय, हाडाचा डॉक्टर. तिकडं बिडीचं गोदाम होतं, आता सोनोग्राफी. पयली एक्सरे मशीन स्टेशनावरून हातगाडीवर आली. मी मांगून ढकलत होतो."

त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते कुणालाही ऐकवत. "लोक म्हनतात गोंदिया तांदळानं मोठं झालं, रेल्वेनं मोठं झालं. खोटं हाये. गोंदिया बिमारीनं मोठं झालं. एक बिमार येते तं संगं चार धडधाकट येते. बालाघाटचे येते, राजनांदगावचे येते. त्या चौघाले खायाले लागते, म्हनून हॉटेल. झोपाले लागते, म्हनून लॉज. घरी जायाले लागते, म्हनून ऑटो. पयले कोनी सिरिअस झाला का नागपूरच्या गाडीत बसवत. गाडी सुटली का आम्ही म्हनत, चाला, अर्धा वाचला. आता मेडिकल कॉलेज झालं, लिफ्टवाले दवाखाने झाले, आता इथंच पुरा वाचते." मग जरा थांबून म्हणत, "नाई तं इथंच पुरा मरते. पन आपल्या गावात."

एवढं बोलणारा माणूस, पण घराबद्दल एक अवाक्षर नाही. बायको वारलेली होती आणि एक मुलगा होता एवढंच मला ठाऊक. तो मुलगा दवाखान्यासमोरच झेरॉक्सचं दुकान चालवतो हे मला तीन महिन्यांनी कळलं, तेही त्याच्याकडूनच.

पेशंटच्या सरकारी योजनेच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला मी रोज त्या दुकानात जायची. काटकुळा मुलगा, बोलायला गोड, शेजारी दोन लिटरची पाण्याची बाटली, दर थोड्या वेळानं घोट. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर. लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला हे दिसल्याशिवाय कसं राहील? एक दिवस मी सरळ विचारलं, "तुम्ही तपासणी केली का?"

तो हसला. "माझी तपासणी? मॅडम, तुमच्या लॅबमधली पयली नळी माझी हाये."

मग कळलं. तपासणीची किट दवाखान्यात पहिल्यांदा आली त्या दिवशी बाबूजींनी पहिली नळी या पोराची लावली. लहानपणापासून त्याचे हातपाय दुखत, कुणी वात म्हणे, कुणी बाहेरचं म्हणे. दुसरी नळी स्वतःची लावली, तिसरी बायकोची. तिन्ही गढूळ. पुढच्या तपासणीत पोराचं कार्ड लाल निघालं, आईबापाची पिवळी. खूनवाले बाबूंनी साऱ्या जिल्ह्याचं रक्त पाहिलं होतं, घरचं राहून गेलं होतं.

प्रेम कसं झालं ते मी सांगणार नाही, कारण सांगण्यासारखं काही नाही. झेरॉक्स काढता काढता झालं. मी एकदा म्हटलं, "मी आधी तुमचे डोळे पिवळे आहेत ते पाहिलं." तर हा म्हणतो, "म्हनजे पयले डोळ्यातच पाह्यलं ना?" बस, एवढंच. त्याला महिन्या-दोन महिन्यांत एकदा दुखणं उठायचं, तेव्हा शटर खाली असायचं. शटर खाली दिसलं की मला जेवण जायचं नाही. यावरून मी काय ते समजले.

आणि माझं कार्ड तर पांढरं. लाल आणि पांढरं जुळलं तर लेकरं सगळी पिवळी, आजारी एकही नाही. हे बाबूजींनीच मला शिकवलेलं. त्यांच्याच तक्त्यावर त्या चौकटीत हिरवी बरोबरची खूण होती. आम्हाला वाटलं, बाबूजी तर आनंदानं नाचतील.

मुलानं घरी सांगितलं. बाबूजी त्याला काही बोलले नाहीत, मलाही नाही. आठवडाभर लॅबमध्ये मला फक्त "स्लाइड दे," "नाव लिव" एवढंच. मग एका रविवारी, मी गावी गेले असताना, भर दुपारी आमच्या केशोरीच्या घरासमोर उभे. बस बदलत बदलत आलेले, घामाघूम, आणि बगलेत शिबिरातला तक्ता गुंडाळलेला.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. बाबा शेतातल्या बांधीतून आले, चिखलाचे पाय तसेच. आईनं पाणी दिलं. बाबूजींनी बाबांचा हात हातात घेतला, नख दाबून पाहिलं, पण आकडा काही सांगितला नाही.

त्यांनी बाजेवर तक्ता पसरला. "पाहा दादा. तुमच्या पोरीचं मन माझ्या पोरावर हाये. पोराचंबी हाये. समाज एक हाये, देण्याघेण्याचं काही नाई. या कागदाप्रमानं जमते. पन मी पोराचा बाप हावो अन् मी जमत नाई म्हनाले आलो. तुमी नाई म्हना. माझ्या पोराचं कार्ड लाल हाये."

एवढं बोलून ते खाली पाहत बसले. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

बाबांनी तक्त्याकडे पाहिलं, बाबूजींकडे पाहिलं, आणि मोठ्या मनानं म्हणाले, "बस, एवढंच का? कार्डाचं काय घेऊन बसले बाबू. आमचं कुठं मोठं हाये, आमचंबी पिवळंच हाये. हे लाल नवीन निघालं असन. सरकार रंग बदलवतच राहते. पोरगा कमावते ना? मंग झालं. माझ्याकडून हो समजा."

झालं होतं. बाबांनी हो म्हटलं होतं. आई तर साखर आणायला आत वळलीही. बाबूजींनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. ते काही बोलणार नव्हते. स्वतःच्या पोराबद्दल तेच दुसऱ्यांदा सांगायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. आता मी गप्प राहिले की काम फत्ते. खोटं मी बोलले नव्हते, कोणीच बोललं नव्हतं. खरं सांगते, मी गप्प राहण्याचा विचार केला. एक घोट पाणी पिण्याइतका वेळ केला.

"बाबा," मी म्हटलं, "हे रेशनचं नाही."

आणि सगळं सांगितलं. हाडं कशी दुखतात, रक्त कसं चढवावं लागतं, शटर कसं खाली राहतं, माणूस किती जगेल ते कोणी लिहून देत नाही. बाबा ऐकत होते, पायावरचा चिखल वाळत होता.

मग त्यांनी बाबूजींना विचारलं, "पोराचा बाप तं लपवते. तुमी सांगाले कायले आले?"

"हे पोट्टी माझ्या हाताखाली शिकली," बाबूजी म्हणाले. तक्ता गुंडाळून ते उठले, आईनं किती म्हटलं तरी जेवले नाहीत, आणि बसच्या रस्त्याला लागले.

ते गेल्यावर बाबा माझ्यावर खेकसले. "तू सांगितली काऊन? चूप राहली असती तं मी हो म्हनलोच होतो."

"तुम्ही रेशनकार्डाला हो म्हणाला होता," मी म्हटलं. "मला माणसासाठी हो पाहिजे."

बाबा उठून परत बांधीत गेले. रोवणी संपेपर्यंत घरात हा विषय नाही. मीही हट्टाला पेटले होते, पण आतून पार खचले होते. बाबा नाही म्हणाले असते तर मी त्यांच्याविरुद्ध गेले असते का? गेले नसते बहुतेक. म्हणून तर रोज जीव टांगणीला लागला होता.

मग एक दिवस दुपारी बाबा लॅबच्या दारात. हातात सातबाऱ्याच्या झेरॉक्सचा गठ्ठा, एवढ्या प्रती सात जन्मांत लागल्या नसत्या. सकाळपासून कुणाला न सांगता त्या दुकानात बसले होते. एकेक कागद काढून देत होते आणि पोराला पाहत होते.

"दुखत असन त्याले आज," बाबा म्हणाले. "उठता बसता दात दाबून धरत होता. पन एकबी कागद उलटा लावला नाई, अन् एका म्हातारीले फॉर्म भरून देल्ला. मी कोन ते त्याले मालूम नाई." मग लॅबच्या आत मान घालून मोठ्यानं म्हणाले, "बाबू, मी पोराले पाह्यलो. तुमी नाई म्हना का हो म्हना, माझ्याकडून हो हाये."

बाबूजी नळी हातात धरून उभे होते. त्यांनी बाबांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. लग्नात सगळ्यांच्या मागे खुर्ची टाकून बसले, बुद्धवंदना झाली तेव्हा उभे राहिले, आणि मला आशीर्वाद देताना डोक्यावर हात ठेवला तो पटकन काढून घेतला. माझ्यावर त्यांचा राग आहे असंच मी धरून चालले. घरात सगळं व्यवस्थित होतं. चहा मी केला की ते पीत. पण शिबिरातल्या गोष्टी पहिल्यासारख्या मला सांगत नसत, लुनावर बसवून कुठं नेत नसत. सासरा झाला की माणूस असाच होतो, असं आई म्हणायची. मला पटत नव्हतं.

आमची मुलगी आता सहा वर्षांची आहे. तक्त्याप्रमाणे पिवळी.

गेल्या हिवाळ्यात नवऱ्याला मोठं दुखणं आलं. या वेळी हाडांवर नाही, छातीवर. श्वास घेता येईना. पूर्वीच्या काळी नागपूरच्या गाडीत बसवावा असा पेशंट, पण आता इथंच आयसीयू आहे, ऑक्सिजन आहे, रक्तपेढी खालच्या मजल्यावर आहे. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काढले तर सुटला. ते दोन दिवस मी आणि बाबूजी बाहेरच्या बाकावर बसून काढले. आयुष्यभर दवाखान्यात वावरलेला माणूस, पण येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाचं नख पाहिलं नाही की पापणी पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, खिडकीतून ऊन बाकावर आलं होतं, तेव्हा ते एकाएकी म्हणाले, "मी तुझ्या बापाच्या घरी कायले गेलो होतो, तुले मालूम हाये?"

"माझं वाटोळं होऊ नये म्हणून."

"नाई." ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते. "तुझ्यासाठी नाई गेलो. सारे तसंच समजतात, मीबी समजू देल्लो. मी पोरासाठी गेलो होतो. मले वाटलं, ही पोट्टी हुशार हाये, पगार हाये. दोन खेपा त्याचं दुखनं पाहीन अन् निंगून जाईन. हाडाचं दुखनं तो लहानपनापासून सोसते. हे दुखनं त्याले सोसवलं नसतं. म्हनून मी पयलेच तोडाले गेलो."

इतकी वर्षं मी त्यांचा राग सोसत होते आणि तो राग नव्हताच. माझ्यावर विश्वास नव्हता त्यांचा. रोज सकाळी उठून ते पाहत असतील, मी अजून घरात आहे की नाही. मला रडू आलं आणि संतापही आला. मी म्हटलं, "एवढी वर्षं माझ्या हातचा चहा पिऊन तुम्हाला हे वाटत होतं?"

"वाटत होतं," ते म्हणाले. "मले रक्त पाह्यता येते. मानूस पाह्यता येत नाई. तुझ्या बापाले एका दिवसात दिसलं, झेरॉक्स काढता काढता." मग माझा हात घेतला. नख दाबलं नाही, नुसता धरून ठेवला. "सारी जिंदगी नळ्या पाह्यलो. एक चुकली. तुझी."

तेवढ्यात आतून सिस्टरनं दार उघडून हाक मारली. पेशंटनं मास्क बाजूला केला होता आणि तो पाणी मागत होता. आम्ही दोघंही एकदमच उठलो. दोन पावलं गेल्यावर बाबूजी थांबले, आणि मला पुढे ढकलत म्हणाले, "जाय तू. तुलेच मांगून राहिला असन."